फळी, खळ आणि सोने

तंजावर चित्राला तमिळमध्ये ‘पलगै पडम’ म्हणतात. पलगै म्हणजे फळी, पडम म्हणजे चित्र. या नावात देव नाही, सोने नाही, खडेही नाहीत. आहे ती फक्त फळी. पाहणाऱ्याला मात्र ती कधी दिसत नाही. त्याच्या समोर असतो लोण्याचा गोळा हातात धरलेला गुटगुटीत बाळकृष्ण, त्याच्या डोक्यावर महिरप, दोन्ही बाजूंना बांधलेले पडदे आणि दिव्याच्या उजेडात हलल्यासारखे वाटणारे सोने. चित्र बिघडू लागते ते बहुधा मागून, त्या न दिसणाऱ्या फळीपासून. म्हणून जतन करणारा माणूस चित्र हाती आले की आधी ते पालथे घालतो.

चेन्नईत अशी चित्रे सरकारी संग्रहालयात आहेत, मैलापूर आणि तिरुवल्लिक्केणीच्या जुन्या घरांत आहेत, भजनमंदिरांत आहेत आणि चेट्टिनाडच्या वाड्यांतून निघून शहरात आलेल्या वस्तूंच्या दुकानांतही आहेत. फळीवरची चित्रे या शहराला तंजावरकरांनीच दिली असेही नाही. सेंट थॉमस माउंट या टेकडीवर पोर्तुगीजांनी १५२३ मध्ये बांधलेल्या देवळात मेरी आणि बाळ येशूचे लाकडावर रंगवलेले एक चित्र आहे. ते संत लूकने काढले आणि संत थॉमसने बरोबर आणले, अशी भाविकांची श्रद्धा आहे. तरी चेन्नईत फळीवरच्या चित्रांच्या जतनाचा विषय निघाला की तो तंजावर चित्रांवरच येऊन थांबतो, कारण संख्येने तीच जास्त आहेत आणि घडणीने तीच सर्वांत अवघड आहेत.

घडण

फळी फणसाची किंवा सागाची. एका फळीची रुंदी पुरली नाही तर दोन-तीन फळ्या कडेला कड भिडवून जोडतात आणि त्या वाकू नयेत म्हणून मागून आडव्या पट्ट्या ठोकतात. पुढच्या बाजूवर सुती कापड चिकटवतात, कधी एकपदरी तर कधी दुपदरी. चिकटवायला चिंचोक्याची खळ किंवा डिंक. चिंचोके भाजून, टरफले काढून, दळून शिजवलेली ही खळ महाराष्ट्राला नवी नाही. धनगरी घोंगडीला ताठपणा येतो तो हिच्यामुळेच. कापडावर खडूची किंवा चुनखडीची भुकटी खळीत कालवून थर देतात. तो वाळला की गुळगुळीत दगडाने घोटतात, मग पुन्हा थर, पुन्हा घोटणे. शेवटी पृष्ठभाग हस्तिदंतासारखा लागतो.

त्यावर रेखाटन होते. दागिने, महिरप, सिंहासन, वस्त्रांचे काठ अशा जागी लुकणासारखा घट्ट लगदा भरून उठाव देतात आणि तो ओला असतानाच त्यात खडे दाबून बसवतात. जुन्या चित्रांत काचेचे रंगीत तुकडे, मोती आणि कधी खरी रत्नेही सापडतात. सोनाराच्या कोंदणात खड्याला चारही बाजूंनी धातू धरून असतो. इथे तो वाळलेल्या लगद्यात नुसता रुतलेला असतो. उठावावर सोन्याचा वर्ख बसतो आणि उरलेल्या जागेत डिंकात कालवलेले रंग भरले जातात.

म्हणजे एका चित्रात लाकूड, कापड, खळ, खडू, धातू, काच आणि रंग एकावर एक बसलेले असतात आणि प्रत्येकाची चाल निराळी. लाकूड हवेतला ओलावा घेते आणि सोडते, त्याबरोबर फुगते आणि आक्रसते. खडूचा थर जवळजवळ दगडच; त्याला ताणणे जमत नाही, तो तडकतो. खळ ओलाव्यात मऊ पडते आणि कोरड्यात ठिसूळ होते. सोने काहीच करत नाही. रंग मात्र पाण्याचा थेंब लागताच सुटतात. युरोपातल्या फळीवरच्या तैलचित्रांपासून तंजावर चित्र इथे पुरते वेगळे पडते. तैलरंग एकदा वाळला की ओल्या बोळ्याने पुसता येतो. डिंकातला रंग त्याच बोळ्यावर उतरून येतो. परदेशी पुस्तकातली सफाईची कृती जशीच्या तशी उचलणाऱ्याच्या हातून बाळकृष्णाचा गालच पुसला जायचा.

तंजावरहून मद्रासला

व्यंकोजीराजांनी १६७६ च्या सुमारास तंजावरात मराठी राज्य उभे केले. १८५५ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने ते खालसा केले. या पावणेदोनशे वर्षांत चित्रकार बहुतेक तेलुगू बोलणारे होते, तंजावर-तिरुचीकडचे राजू आणि मदुराईकडचे नायडू. भोवतीचा मुलूख तमिळ आणि चित्र मागणारा राजा मराठी. विजयनगर आणि नायकांच्या काळातली चित्रपरंपरा तिथे आधीपासून होतीच. मराठ्यांच्या दरबारात तिला सोने चढले आणि ती फळीवर स्थिरावली. सरफोजीराजे दुसरे (१७९८ ते १८३२) यांच्या काळात ती ऐन बहरात आली. श्वार्ट्झ या मिशनऱ्याच्या देखरेखीखाली वाढलेल्या या राजाने ग्रंथ जमवले, छापखाना घातला, बृहदीश्वराच्या देवळाच्या भिंतीवर आपल्या घराण्याचा इतिहास मराठीत कोरून घेतला. त्याच्या काळच्या चित्रांत गालांवर आणि दंडांवर हलकी छाया दिसू लागते. ती युरोपीय चित्रांच्या सहवासातून आली असावी.

या चित्रांचे दुसरे घर म्हणजे भजनमठ. कावेरीकाठच्या भजनपरंपरेत मराठी अभंग तमिळ उच्चारांत गायले जात होते आणि आजही गायले जातात. समोर बहुधा रामपट्टाभिषेकाची मोठी फळी असते: मध्ये राम-सीता, भोवती भाऊ, वानर, ऋषी, मंडपाचे खांब आणि वर देव. दीड-दोन शतके या फळ्यांनी टाळमृदंग ऐकला आणि तेवढाच काळ त्यांनी समईचा धूर खाल्ला.

राज्य गेल्यावर आश्रयदाते बदलले. चेट्टियार सावकार, जमीनदार आणि मद्रासचे व्यापारी चित्रे घेऊ लागले. मग १८९४ मध्ये राजा रविवर्म्याचा छापखाना मुंबईत सुरू झाला आणि दगडी छापाचे स्वस्त, रंगीत देव घरोघर पोहोचले. महिनोन्‌महिने घोटून केलेल्या फळीला ते भारी पडले. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ही कला पुन्हा उभी राहिली ती हस्तकला म्हणून. आता फळीच्या जागी बहुधा प्लायवूड असते आणि खळीच्या जागी फेविकॉल. तंजावर चित्रांना भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. या नव्या चित्रांशी जतनाचा फारसा संबंध नाही. एका बाबतीत मात्र फार आहे. नवी चित्रे करणारे हातच जुन्या चित्रांची दुरुस्ती करायला पुढे येतात आणि येताना फेविकॉलची बाटली बरोबर आणतात. त्याबद्दल पुढे.

हवा

लाकूड सगळ्या दिशांना सारखे हलत नाही. झाडाच्या उभ्या शिरेत ते जवळजवळ स्थिर असते. आडवे मात्र हलते, आणि तेही दोन प्रकारांनी. ओले लाकूड पुरते सुकेपर्यंत वर्षकड्यांच्या दिशेने सरासरी आठेक टक्के आक्रसते, गाभ्याकडून सालीकडे त्याच्या साधारण निम्मे. या फरकामुळेच फळीला वाक येतो. सागात ही हालचाल बऱ्याच लाकडांपेक्षा कमी असते. जहाजबांधणीत सागाला मान होता, त्याचे हेही एक कारण.

मुरलेली फळी आठ टक्के काही हलत नाही. पण साठ सेंटिमीटर रुंदीची फळी अर्धा टक्का हलली तरी तीन मिलिमीटर होतात आणि वरच्या खडूच्या थराला तीन मिलिमीटर फार झाले. फळी आक्रसली की थराला जागा पुरत नाही. तो तंबूसारखा वर उचलला जातो, तोंड उघडतो आणि पापुद्रा होऊन उभा राहतो. फळी फुगली की थराला भेगा पडतात. त्या उभ्या शिरेला धरून जातात, म्हणून भेगांची दिशा पाहूनच फळी कशी कापली होती ते जाणकाराला सांगता येते.

मागच्या आडव्या पट्ट्या या गोष्टीत भर घालतात. फळीला आडवे आक्रसायचे असते आणि पट्टीचे खिळे तिला सोडत नाहीत. मग फळी दोन खिळ्यांच्या मध्ये फाटते. युरोपातही हीच चूक मोठ्या थाटात झाली. एकोणिसाव्या आणि विसाव्या शतकात तिथे चित्रांच्या फळ्या मागून तासून पातळ करत आणि त्यांवर लाकडी जाळी बसवत. पट्ट्या सरकत्या ठेवलेल्या असायच्या, पण काळाने त्या अडकून बसायच्या आणि फळी जाळीच्या घरांगणिक तडकायची. त्या जाळ्या काढून सैल, लवचीक आधार बसवणे हे आज तिथल्या जतनकारांच्या कामाचे मोठे अंग आहे. तंजावरच्या सुताराने ठोकलेल्या पट्टीशी वागण्याचा नियमही तोच: फळी सुखात असेल तर पट्टीला हात लावायचा नाही, फाटत असेल तर खिळे सैल करून तिला सरकायला वाव द्यायचा.

चेन्नईत वर्षाला सुमारे चौदाशे मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला निम्म्याहून जास्त ऑक्टोबर ते डिसेंबर या ईशान्य मोसमी पावसाच्या तीन महिन्यांत येतो. मे महिन्यात जमिनीवरून तापलेला वारा येतो, तो दुपारी समुद्राकडून वारे सुटेपर्यंत. एरवी हवा दमट. नवल वाटेल, पण ही दमट हवा फळीला तितकी बाधत नाही. शंभर-दीडशे वर्षे सत्तर टक्के आर्द्रतेत राहिलेली फळी त्या हवेशी जुळवून घेते. तिला त्रास होतो तो बदलाचा, त्यातही झटपट बदलाचा. दिवाणखान्यात वातानुकूलन यंत्र बसते. ते संध्याकाळी चालू होते, हवा कोरडी करते, मध्यरात्री बंद होते आणि पहाटेपर्यंत दमटपणा परत येतो. ऋतूंनी वर्षात एक-दोनदा केली असती ती हालचाल फळीला रोज करावी लागते. कार्यालयाच्या वेळेपुरते यंत्र चालवणाऱ्या दालनांतही हेच घडते. परदेशी पुस्तकांत पन्नास टक्के आर्द्रता आदर्श म्हटली आहे, म्हणून चेन्नईची फळी एकदम पन्नासावर आणून ठेवली तर ती तडकेल. महाग यंत्र अर्धवेळ चालवण्यापेक्षा उघडी खिडकी आणि छताचा पंखा बरा, हे सांगायला संकोच वाटतो. पण आहे ते असे आहे.

भुसा आणि काजळी

फळीखाली किंवा चौकटीच्या खालच्या काठावर पिठासारखा बारीक भुसा दिसला तर लाकूड पोखरणारे भुंगेरे आत आहेत असे समजायचे. भुशाऐवजी खसखशीसारखे कडक दाणे पडत असतील तर ती कोरड्या लाकडातली वाळवी. जमिनीतून मातीच्या नळ्या करून येणारी वाळवी आणखी वेगळी. ती भिंतीतून चढते आणि भिंतीला टेकलेल्या फळीत मागून शिरते. फणसापेक्षा साग किड्याला कमी दाद देतो, पण सागाच्याही बाहेरच्या, पांढुरक्या भागाला कीड लागते. किड्यांचा खरा लोभ खळीवर असतो. चिंचोक्याची खळ म्हणजे तयार जेवण: झुरळे ती कुरतडतात, कसर खाते आणि आर्द्रता सत्तरच्या वर राहिली की तिच्यावर बुरशी येते. पूर्वीचे काही कारागीर खळीत मोरचूद टाकत ते याचसाठी.

मग देवघर. फळीसमोर तिळाच्या तेलाची समई, आरतीला कापूर. कापराची ज्योत भरपूर काजळी सोडते; ती तेलकट हवेत मिसळते आणि चित्रावर तपकिरी साय धरते. सणाला तसबिरीला गंध-कुंकू लावतात. पुढे काच असेल तर ते काचेवर राहते. काच फुटून गेली असेल तर ते देवाच्या कपाळावर, म्हणजे डिंकाच्या रंगावर, ओले लागते. पोंगलच्या आधी घर झाडून-पुसून काढतात तेव्हा ओल्या फडक्याचा हात चित्रावरूनही फिरतो. या शहरातली किती चित्रे किड्यांनी खाल्ली आणि किती मायेच्या हातांनी पुसून गेली, याची तुलना केली तर किडे बहुधा हरतील.

काच लावलेली चित्रेही सुटत नाहीत. चौकटकार काच थेट उठावावर टेकवतो. पावसाळ्यात काचेच्या आतून दव धरते आणि जिथे काच टेकली आहे तिथेच बुरशीची वर्तुळे उमटतात. काच आणि चित्र यांच्यात बोटाच्या पेराएवढी जागा ठेवली असती तर हे टळले असते.

पँथिऑन रोडवरची प्रयोगशाळा

एग्मोरच्या पँथिऑन रोडवरचे सरकारी संग्रहालय १८५१ चे. त्याच्या आवारात हेन्री आयर्विनने आखलेली, सत्यवेडूच्या गुलाबी दगडाची एक देखणी इमारत आहे. १९०९ मध्ये ती व्हिक्टोरिया मेमोरियल हॉल म्हणून उघडली आणि स्वातंत्र्यानंतर राष्ट्रीय कलादालन झाली. तंजावर चित्रे आणि रविवर्म्याची तैलचित्रे तिथे शेजारी-शेजारी नांदली. पुढे या इमारतीलाच भेगा गेल्या आणि ती वर्षानुवर्षे लोकांसाठी बंद ठेवावी लागली. ज्या घरात चित्रे जपायची ते घरच आधी जपावे लागते.

याच आवारात १९३० मध्ये रासायनिक जतनाची प्रयोगशाळा सुरू झाली. देशातल्या संग्रहालयांमधली ही अशा प्रकारची अगदी पहिल्या प्रयोगशाळांपैकी एक. तिथले पहिले रसायनज्ञ एस. परमशिवन. सुरुवातीचा मोठा प्रश्न फळ्यांचा नव्हता, ब्राँझच्या मूर्तींचा होता. समुद्राच्या खाऱ्या हवेत मूर्तींवर हिरवी भुकटी धरत होती आणि ती विद्युत-रासायनिक पद्धतीने थांबवायची होती. परमशिवन यांनी पुढे तंजावरच्या बृहदीश्वरातली भित्तिचित्रेही तपासली. नायककालीन थराखाली चोळांची चित्रे असल्याचे १९३१ मध्ये उजेडात आले होते; ती कोणत्या गिलाव्यावर, कशी काढली, हे त्यांनी रंगाचे कण तपासून मांडले. हात लावण्याआधी वस्तू कशाची केली आहे ते जाणून घ्यायचे, ही रीत मद्रासमध्ये अशी रुजली.

आज फळी तपासायची असेल तर सुरुवात साध्या दिव्याने होते. अंधाऱ्या खोलीत दिवा चित्राच्या कडेला, जवळजवळ सपाट धरायचा. उचललेला प्रत्येक पापुद्रा, प्रत्येक फुगवटा सावली टाकतो आणि चित्राचा जणू डोंगरदऱ्यांचा नकाशा होतो. नंतर अतिनील दिवा. त्यात मूळ रंग आणि मागाहून लावलेले रंग वेगवेगळे उजळतात. नवी डागडुजी बहुतेक वेळा काळ्या डागासारखी दिसते. अवरक्त किरणांत रंगाखालचे कोळशाचे रेखाटन उमटते आणि चित्रकाराने हात आधी कुठे काढला होता, मग कुठे सरकवला, हे कळते. क्ष-किरणांत खिळे, सांधे आणि भुंगेऱ्यांची भुयारे दिसतात. क्ष-किरणांनी रंगांतली मूलद्रव्येही ओळखता येतात: लाल रंगात पारा सापडला तर तो हिंगूळ, शिसे सापडले तर शेंदूर, पिवळ्यात आर्सेनिक सापडले तर हरताळ. ही माहिती नुसती हौसेची नाही. हरताळ विषारी, त्याची धूळ तोंडाजवळ नेऊन फुंकायची नसते.

पापुद्रा बसवणे

जतनाच्या कामात सगळ्यात जास्त वेळ याच एका गोष्टीला लागतो. चित्र टेबलावर आडवे ठेवतात. उभे कधीच नाही, कारण उभ्या चित्रावरून सुटे कण खाली गळतात. गळलेला प्रत्येक कण चिमट्याने उचलून, कुठून पडला त्याची नोंद करून, डबीत ठेवतात. सफाई आधी करायचा मोह होतो, पण ती नंतर. सुट्या पापुद्र्यांवर कुंचला फिरवणे म्हणजे ते झाडून टाकणे.

आधी चिकटवणे. त्यासाठी पातळ सरस लागतो, माशाच्या पोटातल्या पिशवीपासून केलेला किंवा शुद्ध जिलेटिनचा. पण सरस पाण्यात असतो आणि रंग पाण्याला भितात. म्हणून जिथे रंग फार हळवा तिथे पाण्याऐवजी अल्कोहोलसारख्या किंवा दुसऱ्या द्रावकात विरघळणारी कृत्रिम राळ वापरतात. काय चालेल ते ठरवायला एखाद्या कोपऱ्यात, चौकटीखाली झाकल्या जाणाऱ्या जागी, टाचणीच्या टोकाएवढ्या भागावर चाचणी घेतात. मग अगदी बारीक कुंचल्याने किंवा सुईने पापुद्र्याच्या तोंडाशी थेंब सोडतात. तो भेगेतून आपोआप आत ओढला जातो. काही मिनिटे थांबायचे. कडक झालेला थर लगेच दाबला तर मोडतो. त्याला आधी जरा मऊ होऊ द्यावे लागते. मग वर न चिकटणारा कागद ठेवून कोमट पातीने हलकेच दाबायचे आणि बारीक वाळूच्या पिशवीचे वजन ठेवून सोडून द्यायचे. दुसऱ्या दिवशी पुढचा पापुद्रा. मोठ्या फळीवर असे शेकडो पापुद्रे असतात. भिंगातून पाहत, मान वाकवून, दिवसाला तळहाताएवढे क्षेत्र झाले तर तो दिवस चांगला गेला.

खाली पोकळी मोठी असेल तर नुसत्या सरसाने भागत नाही. त्यात खडूची भुकटी कालवून भरतात. भुंगेऱ्यांनी पोखरून स्पंजासारख्या झालेल्या लाकडात मागून पातळ राळ मुरवतात, तीही थोडी. फळी राळेने गच्च भरली की ती लाकडासारखी हलणे बंद होते आणि शेजारच्या न भरलेल्या भागाशी तिचे बिनसते. जिवंत कीड असेल तर चित्र हवाबंद पिशवीत घालून आतला ऑक्सिजन काढून टाकतात आणि काही आठवडे तसेच ठेवतात. किडे गुदमरतात, रंगांना काही होत नाही. विषारी धुरी देण्याची जुनी पद्धत मागे पडली, ती याच्या सोयीमुळे आणि माणसांच्या फुप्फुसांच्या काळजीनेही.

आता सफाई. मऊ कुंचल्याने धूळ सैल करून जाळी लावलेल्या नळीत ओढून घ्यायची. काजळीसाठी सच्छिद्र रबराचा स्पंज, कोरडाच, न घासता टेकवत-टेकवत. तेलकट सायीसाठी पाणी नसलेला द्रावक, बोळ्याच्या टोकावर, नखाएवढ्या भागात. प्रत्येक बोळा पाहायचा: तपकिरी आला तर मळ, लाल आला तर थांबायचे. सोन्याचे काम त्यातल्या त्यात सोपे, कारण खऱ्या सोन्याला हवा काही करत नाही. ते काळवंडले असेल तर बहुधा वरून काजळी बसलेली असते किंवा ते सोनेच नसते. पितळी वर्ख हिरवा-काळा पडतो आणि पुसून पुन्हा पिवळा होत नाही. तो तसाच ठेवायचा असतो.

खडा पडलेली जागा

समजा, चित्रातले दहा खडे पडले आहेत. त्यांचे काय करायचे, यावर शहरात दोन उत्तरे मिळतात. मैलापूरच्या आसपास तंजावर चित्रे करणारे आणि ‘जुनी चित्रे नवी करून मिळतील’ असे सांगणारे कारागीर आहेत. ते नवे खडे बसवतात, उठाव पुन्हा भरतात, सोने पुन्हा चढवतात, चेहऱ्यावर रंगाचा हात फिरवतात. चित्र झळझळीत होते आणि घरची मंडळी खूश होतात. जतनकार खडा बसवत नाही, निदान सापडलेला मूळ खडा नसेल तर नाही. रिकाम्या जागेचा कोपरा ढासळू नये एवढेच तो पाहतो. रंग उडालेल्या जागी तो फिकट रंग देतो, असा की लांबून तो डोळ्यांत खुपू नये आणि जवळून मूळ रंगापासून वेगळा ओळखू यावा. रोमच्या जतनसंस्थेत चेझारे ब्रांदी यांनी ही रीत बारीक उभ्या रेघांनी रूढ केली. पुढे कुणाला काढायचे झाले तर आपण घातलेले सगळे निघाले पाहिजे, ही त्यातली अट. फेविकॉल ही अट मोडतो. तो वाळताना आक्रसतो, थराला ओढतो आणि काही वर्षांनी काढायला गेले की जुना थर घेऊनच निघतो.

कारागिराची बाजू पोकळ आहे असे मात्र नाही. भंगलेल्या मूर्तीची पूजा करू नये, तिचा जीर्णोद्धार करावा, असे परंपरा सांगते. घरच्या माणसांसाठी ते चित्र पुराणवस्तू नसते, देव असतो; आणि देवाच्या मुकुटात खडा नसणे त्यांना बोचते. जतनकाराने हे उडवून लावले तर घरचे लोक चित्र सरळ कारागिराकडे नेतात आणि जे वाचले असते तेही जाते. प्रश्न चेहऱ्याचा येतो तेव्हा मात्र तडजोडीला जागा राहत नाही. तंजावरच्या चित्रांत बाळकृष्ण कित्येकदा गोरा असतो. तो मुळातच तसा आहे हे माहीत नसलेला हात त्याला कॅलेंडरमधल्या कृष्णासारखा निळा करून टाकतो आणि सरफोजीराजांच्या काळातले ते गोंडस, किंचित रुसलेले तोंड कायमचे जाते. खडा परत बसवता येतो, तोंड नाही.

याला कायद्याचीही एक बाजू आहे. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी चित्रे परदेशी नेता येत नाहीत आणि लाकडावरच्या जुन्या चित्रांची नोंदणी करावी लागते. तरी ती जातात. सरफोजीराजे आणि त्यांचे पुत्र शिवाजीराजे यांचे एक तंजावर चित्र अमेरिकेत सेलमच्या पीबडी एसेक्स संग्रहालयाने २००६ मध्ये सुभाष कपूर या व्यापाऱ्याकडून विकत घेतले होते. तो चोरीचा माल असल्याचे उघड झाल्यावर २०१५ मध्ये त्यांनी ते अमेरिकी सरकारच्या हवाली केले. अशा वेळी चित्र कुणाचे हे ठरते ते जुन्या फोटोवरून आणि नोंदींवरून. दुरुस्तीच्या आधी काढलेला फोटो, मागच्या फळीवरची गाठ, खिळ्यांची जागा ही ओळख नवे सोने चढवताना हमखास पुसली जाते.

पुराचे पाणी

२०१५ च्या नोव्हेंबरात चेन्नईत हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला आणि डिसेंबरच्या सुरुवातीला अड्यार नदी वस्तीत शिरली. तळमजल्यांवरच्या घरांत जे भिजले त्यात देवघरेही होती. भिजलेल्या फळीला माणसे करतात ती पहिली गोष्ट म्हणजे उन्हात ठेवणे आणि तीच तिला मारते. पुढची बाजू भराभर वाळते, मागची ओली राहते, फळी वाटीसारखी वळते आणि मऊ झालेली खळ सगळा थर सोडून देते. भिजलेले चित्र आडवे, तोंड वर करून, सावलीत, पंख्याच्या मंद वाऱ्यात वाळवायचे. चौकट आणि काच निघत असेल तर काढायची. काच रंगाला चिकटली असेल तर ओढायची नाही. दोन दिवसांत बुरशी येऊ लागते, म्हणून वारा हवाच.

सावकाश वाळवणे म्हणजे किती सावकाश, याचे टोकाचे उदाहरण फ्लॉरेन्सचे आहे. १९६६ च्या पुरात जॉर्जो वझारीने १५४६ मध्ये पाच मोठ्या फळ्यांवर रंगवलेले ‘अखेरचे भोजन’ बारा तासांहून अधिक काळ पाण्यात राहिले. लाकूड फुगले, मग आक्रसले, आणि रंगाला बसायला जागाच उरली नाही. त्यावर पातळ कागद चिकटवून रंग धरून ठेवला आणि फळ्या तशाच चार दशके कोठारात राहिल्या, कारण पुढे काय करायचे हे कुणालाच ठाऊक नव्हते. लाकूड हाताळणारे जुने तज्ज्ञ निवृत्त होण्याआधी त्यांच्या हाताखाली नवी माणसे तयार करण्यासाठी अमेरिकेतल्या गेटी प्रतिष्ठानाने पैसे दिले, तेव्हा कुठे काम सुरू झाले. २०१६ मध्ये, पुराला पन्नास वर्षे होत असताना, चित्र सांता क्रोचेच्या मठात परत टांगले गेले. आता पूर आला तर ते वर उचलून घेणारी यंत्रणा तिथे बसवली आहे.

परत भिंतीवर

दुरुस्त झालेले चित्र घरी जाते तेव्हा त्याची जागा बहुधा बदलावी लागते. बाहेरच्या भिंतीवर नको, कारण ती पावसाळ्यात ओल धरते. न्हाणीघराला लागून असलेल्या भिंतीवर तर नकोच. वातानुकूलन यंत्राच्या झोतासमोर नको, खिडकीच्या उन्हात नको. मागे चौकटीच्या चारही कोपऱ्यांना बुचाचे तुकडे लावून फळी आणि भिंत यांच्यात वारा खेळता ठेवायचा. काच लावायची, पण आत पट्टी घालून उठावापासून दूर. मागून बारीक जाळी किंवा पातळ पत्रा लावायचा, फळीवर नव्हे, चौकटीवर, म्हणजे फळीला हलायला जागा राहते. समई दोन हात लांब सरकवायची आणि कापूर खोलीच्या दुसऱ्या टोकाला लावायचा. गंध लावायचे ते काचेवर.

चित्राचे दुरुस्तीआधीचे आणि नंतरचे फोटो, काय वापरले त्याची यादी आणि न बसवलेले सुटे कण असलेली डबी हे सगळे चित्राबरोबर दिले जाते. डबी फेकायची नसते. त्यातला एखादा कण पुढे कधीतरी जागा सापडून बसतो. महिन्यातून एकदा चौकटीच्या खालच्या काठावरून काळा कागद फिरवायचा. त्यावर पांढरा भुसा आला नाही, तर पुढचा महिना चित्राला हात लावायचे कारण नसते.